अक्का कुणाची?

मामंजी,

उद्या दुपारी एक जपानी गृहस्थ आपल्या घरी जेवायला येणार आहेत. घड्याळांच्या नव्या कारखान्यात शिकवायला जे लोक आलेत, त्यांतले एक. यांनी कुणाकुणाला विचारून जमवलं. जेवणं झाली की तुमचं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवायचं. तुम्ही जिथं दोरा घालून ठेवला होतात तिथून पुढं ते वाचणार आणि त्यांना येईल तेवढ्या इंग्रजीत यांना सांगणार, मग हे आम्हाला मराठीत सांगणार. तुम्ही होतात तेव्हा गोष्ट जपानीतून थेट आपल्या स्वयंपाकघरात यायची. आता वाटेत एक मुक्काम करून येईल. पानं थोडीच उरलीत, तेव्हा संध्याकाळपर्यंत कळेल खून कुणी केला ते.

म्हणून आज लिहायला बसले. उत्तर आधी सांगायचं आणि मगच पान उलटायचं, असा आपला नियम. पान उलटल्यावर 'मला माहीतच होतं' म्हणणाऱ्याला तुम्ही भाव देत नव्हतात, मग तो तुमचा मुलगा का असेना. माझं उत्तर त्या दुपारीच तयार होतं. पण विचाराला एक दिवस द्यायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी ऐकायचं, हीही तुमचीच रीत. ती दुसरी दुपार आलीच नाही. संध्याकाळी तुम्ही छातीत जड वाटतंय म्हणून आडवे झालात, आणि देवापुढं दिवा लावून मी मागं वळते तोवर सासूबाईंनी हाक मारली होती.

मी लिहितेय हे घरात कुणाला माहीत नाही. चौथीपर्यंतचं माझं लिहिणं, त्यात तुमच्याशी बोलायचं म्हणजे हात थोडा अडखळतोच.

आधी सासूबाईंचं सांगते. तेरावा झाला, माणसं आपापल्या घरी गेली, आणि मग ती पहिली रिकामी दुपार आली. सासूबाई नेहमीसारख्या उंबऱ्याशी हात उशाला घेऊन आडव्या झाल्या, मी दाराआड तांदूळ निवडायला बसले. पडवीत तुमची चटई गुंडाळून उभी केलेली. सासूबाईंना झोप येईना. या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या आणि एकदम म्हणाल्या, "काय गं, त्या पुस्तकातल्या मेल्या म्हाताऱ्याला मारलं कुणी?"

मी म्हटलं, "ते सांगायचं राहिलं."

"राहिलं म्हणजे? जन्मभर दुपारची माझी झोप मोडली, आणि शेवटचं तेवढं सांगायला थांबले नाहीत?" म्हणाल्या, आणि मग रडल्या. इतके दिवस माणसांत त्यांचा डोळा ओला झाला नव्हता. त्या दिवशी पोटभर रडल्या. संध्याकाळी हे दुकानातून आले तर त्यांच्यावरच धावून गेल्या, "एवढ्या मोठ्या बेंगळुरात एक जपानी मिळत नाही तुला?"

हे म्हणाले, "आई, जपानी काय चिक्कपेटेच्या बाजारात टांगून ठेवलेत?"

पण मिळवला. तुमचाच मुलगा.

मी लग्न होऊन निपाणीहून या चामराजपेटच्या घरात आले तेव्हा सासऱ्यापुढं उभं राहायचं नाही एवढं माहेरून शिकून आले होते. पहिलं वर्षभर तुम्ही माझा आवाज ऐकला असेल तो 'वाढू का विचारा' एवढाच, आणि तोही सासूबाईंना उद्देशून. जेवण झालं की तुम्ही पडवीत बसायचात, मांडीवर उलट्या बाजूनं उघडणारं ते पुस्तक, आणि सासूबाईंना गोष्ट सांगायला लागायचात. सासूबाई दुसऱ्या वाक्याला घोरायच्या. त्या घोरायला लागल्या की माणूस आवाज खाली आणील. तुम्ही उलट जरा चढवायचात. तो कुणासाठी चढतो हे कळायला मला कितीतरी महिने लागले.

तरुणपणी तुम्ही रेशमाच्या एका व्यापाऱ्याचे कारकून म्हणून कोबेला राहिलात, लढाई पेटायच्या आधी परत आलात. तिथली घरमालकीण वाचून झालेली खुनाच्या गोष्टींची मासिकं तुम्हाला द्यायची, त्यांतूनच तुम्ही भाषा शिकलात. "मला जपानीत भाजी नीट मागता यायची नाही," असं तुम्ही सांगायचात, "पण प्रेत कुठं सापडलं ते अगदी अदबीनं विचारता येतं." लढाईनंतर त्या बाईंचा मुलगा अधूनमधून बोटीनं पुस्तकं पाठवायचा. पुडकं आलं की सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "आली मढी! या वयात माणसानं पोथी वाचावी."

"पोथीत कमी मारामाऱ्या आहेत होय गं?" तुम्ही म्हणायचात.

ती लांबलचक नावं आमच्या लक्षात राहायची नाहीत. म्हणून तुम्ही सगळ्यांना थोरला, मधला, काका, वैद्य असं करून टाकायचात. सासूबाईंसाठी आणखीही काय काय करायचात. एका गोष्टीतलं घर तांदळाची दारू गाळणाऱ्यांचं होतं. 'दारू' शब्द कानावर पडला आणि सासूबाई झोपेतून उठून बसल्या. "दारू? भरल्या घरात?"

"तेल, तेल," तुम्ही म्हणालात. "तेलाचा घाणा होता त्यांचा."

चार दिवस गोष्ट बरी चालली. मग पुतण्या दोन सुरया रिकाम्या करून अंगणात पडला तिथं घोटाळा झाला.

"तेल पिऊन झिंगला?" सासूबाई.

"जपानी तेल असतं तसं."

आत माझ्या तोंडात पदराचा बोळा होता.

तिकडच्या काही पुस्तकांत एक गंमत असते. शेवटाच्या जरा आधी लिहिणारा थांबतो आणि वाचणाऱ्याला म्हणतो, मी सगळं तुमच्यापुढं ठेवलंय, काही लपवलेलं नाही, आता तुम्ही सांगा. तिथं आलात की तुम्ही पुस्तक मिटून सासूबाईंना विचारायचात. "ज्यानं केलं त्यानं केलं," त्या म्हणायच्या, "मला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय? कॉफी टाक गं." असं दोन-तीन पुस्तकांना झालं. मग एकदा तुम्ही त्यांच्याकडं न बघता दाराकडं बघून म्हणालात, "आत कुणाला काही वाटतं का?"

माझ्या हातातलं सूप पडलं. तांदूळ सगळीकडं. ते गोळा करता करता मी सासूबाईंना हळू म्हटलं, "माळी नसेल म्हणावं."

सासूबाई वीतभर अंतरावर बसलेल्या तुम्हाला म्हणाल्या, "माळी नाही म्हणते."

"का नाही म्हणते?"

"त्याच्या पायाला चिखल नव्हता म्हणते."

"मग कोण म्हणते?"

"मग कोण ते... अगं तूच सांग की बाई! माझी काय टपालपेटी केलीय दोघांनी?"

मी म्हटलं, "काका." घरात तुमच्याशी बोललेला माझा पहिला शब्द तो. आणि तो चुकला. खून वैद्यानं केला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पान वाचलंत आणि पुस्तकाकडंच बघत म्हणालात, "आतलं उत्तर चुकलं. पण विचार सरळ होता. लिहिणाऱ्यानंच वाकडी वाट ठेवली होती."

मामंजी, शाळेत मला उत्तर यायचं तेव्हाही मी हात वर केला नाही. चुकलं तर हसतील, ही भीती. तुमच्यापुढं मी बहुतेक वेळा चुकलेच. बरोबर आलेली उत्तरं हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतली काही नुसती लागून गेली. पण चुकायची भीती तेवढी गेली. इयत्ता विचारून मग खुनी शोधायला बसवतात असं त्या पुस्तकांत कुठं नव्हतं. जे तुम्हाला माहीत तेच मला माहीत. पुढं मी दाराआडून उंबऱ्यापर्यंत सरकले. उंबरा मात्र ओलांडला नाही, आणि तुम्हीही तो कधी ओलांडायला सांगितला नाहीत.

मला ती पुस्तकं का आवडली असतील याचा मी पुष्कळदा विचार केलाय. पहिल्यांदा ऐकलं की घराच्या भिंती कागदाच्या आणि खून बंद खोलीत, तेव्हा वाटलं यात काय अवघड, बोट घालावं की भोक पडेल. तुम्ही म्हणालात, "पण भोक दिसेल ना. तिथलं कुलूप लोखंडाचं नसतं, रीतीचं असतं." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती माणसं वाकून नमस्कार करतात, हळू बोलतात, मनातलं मनात ठेवतात. एका पाण्यात ओळीनं सगळ्यांनी अंघोळ करायची, आधी घरचा कर्ता, शेवटी बायका, आणि कोण आपली पाळी सोडून गेलं यावरून खोटं पकडायचं. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. अशी घरं माझ्या ओळखीची. मोठमोठ्यानं भांडणाऱ्या घरात खून कशाला पडेल? तिथं सगळं बोलूनच संपतं. गप्प घरातच काय ते शिजत राहतं.

आणि ऐकून भीती नाही वाटायची, हे नवल. उलट घर झाडून घेतल्यासारखं वाटायचं. एवढं वाईट घडून गेलेलं, आणि तरी एक माणूस शांतपणे बसून विचार करतोय की दारातल्या चपला कुठं तोंड करून होत्या. कुणीतरी काहीतरी बघितलेलं असतं, साधंच, ते वाया जात नाही. संध्याकाळी कंदील पुसताना, पोळ्या लाटताना मी ते सगळं पुन्हा मनात लावून बघायची. माझी कामं तीच होती, पण डोकं रिकामं नसायचं. ते दिवस मला फार बरे गेले, मामंजी.

बर्फाचं आठवतं? मी बर्फ कधी बघितलेला नाही. तुम्ही म्हणालात, अंगणभर रवा सांडावा तसा. त्या गोष्टीत पावलं आत जाताना दिसत होती, बाहेर येताना नव्हती. म्हणजे खुनी उलटा चालला असणार, हे तुमचं मत. मी उंबऱ्यातून म्हटलं, "उलटं चालताना टाच आधी टेकते का चवडा? ठसा निराळा पडेल."

तुम्ही उठलातच. "बघूया."

त्या दिवशी सासूबाईंनी अक्की रोटीसाठी तांदळाचं पीठ दळून ठेवलं होतं. ते तुम्ही परसात सगळं पसरलंत आणि धोतराचा सोगा हातात धरून त्यावरून उलटे चालायला लागलात. शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. त्यांनी हात जोडून विचारलं, "एनण्णा, पूजेना?" कसली पूजा म्हणून.

"हौदम्मा," तुम्ही चालणं न थांबवता हो म्हणालात, "शांती आहे."

ठसे आम्ही दोघांनी वाकून बघितले, तुम्ही एका कडेनं, मी मागच्या दारानं येऊन दुसऱ्या. चवड्याकडं पीठ जास्त दबलेलं. माझं म्हणणं थोडं खरं निघालं, पण पुस्तकात तसं काहीच नव्हतं. तिथला खुनी बाहेर आलाच नव्हता, आतच लपला होता. सासूबाईंना उठल्यावर रिकामा डबा दिसला. "मढ्यापायी पीठ गेलं!" रात्री सगळ्यांनी उप्पीट खाल्लं. शेजारणीनं मात्र पुढं महिनाभर शांतीचा गुण कसा आला ते विचारलं.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. तुम्हाला 'कसं' हवं असायचं. दोरी कुठून ओढली, कडी बाहेरून कशी घातली, ते कळलं की तुम्ही मांडीवर थाप मारायचात. 'का' आलं की तुमचं लक्ष कमी व्हायचं. "का, हे कुणापाशीही असतं," तुम्ही म्हणायचात. "प्रत्येक घरात चार माणसांना पाचव्याला मारायचं कारण सापडेल. कसं, ते एकालाच जमतं."

मी म्हणायची, "कसं ते कळून काय करायचं? आपल्याला थोडाच करायचाय."

"मग 'का' कळून काय करायचंय?"

याचं उत्तर मला कधी देता आलं नाही. आणि तो शोध करणारा माणूस तीन प्रेतं पडेपर्यंत तोंड का उघडत नाही, हे माझं दुसरं गाऱ्हाणं. तुम्ही म्हणायचात, खात्री झाल्याशिवाय बोलणं बरं नव्हे. सासूबाई झोपेतूनच म्हणायच्या, "याला पगार कोण देतं?"

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला कधी बोलले नाही.

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवत नव्हती. सासूबाईंच्या थोरल्या बहिणी, राजाजीनगरच्या मावशी, एका दुपारी घोड्याच्या जटक्यातून उतरल्या त्या थेट पडवीत येऊन बसल्या. मी दाराआड. त्यांनी आवाज लहान केला नाही. "भावजी, किती वाट बघणार अजून? हिला निपाणीला पोचवा. मी पोरगी बघून ठेवलीय."

माझी लग्नात आणलेली पत्र्याची पेटी माळ्यावर होती. माझी नजर आपोआप वर गेली.

तुम्ही पुस्तकात दोरा घालून ते मिटलंत. मग म्हणालात, "बरं केलंत सांगितलंत. पण आत्ता नाही जमायचं."

"का नाही?"

"गोष्ट अर्धी आहे. खुनी सापडल्याशिवाय ती कशी जाईल?"

"भावजी, ही थट्टेची वेळ नाही."

"मी थट्टा करत नाही. हे पुस्तक संपलं की दुसरं आहे. कोबेहून अजून पुष्कळ यायचीत."

मावशींनी बहिणीकडं बघितलं. सासूबाई, ज्या मला दिवसातून चारदा बोल लावायच्या, त्या म्हणाल्या, "अक्का, कॉफी निवते बघ." तेवढंच. मावशींनी कॉफी प्यायली आणि त्या विषयावर पुन्हा कुणी आलं नाही. हेही मला त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. पण त्या रविवारी माळ्यावरची ती पेटी यांनी खाली काढली, रिकामी केली आणि तीत आपली जुनी हिशेबाची रद्दी भरून परत वर टाकली. मी बघत होते. तुम्हीही बघत होतात.

त्यानंतर तुमची एक सवय माझ्या लक्षात आली. पूर्वी पुस्तक संपलं की तुम्ही चार दिवस नुसते पेपर वाचायचात. मावशी येऊन गेल्यावर तसं एकदाही झालं नाही. एक गोष्ट संपली की त्याच दुपारी दुसरी सुरू करून तिच्यातलं पहिलं प्रेत पाडूनच तुम्ही उठायचात. घरात अर्धी गोष्ट नाही असा दिवस तुम्ही राहूच दिला नाहीत. मला ते कळलं होतं. कळलंय हे सांगणार कसं?

तर आता हे शेवटचं पुस्तक.

डोंगरातलं बर्फात अडकलेलं घर. घरचा म्हातारा मालक. त्याची बायको वारलेली. थोरला मुलगा लढाईवर गेला तो आला नाही, त्याची तसबीर भिंतीवर. मधला मुलगा आहे, धाकटा आहे, आणि अक्का आहे. म्हातारा अंगणापलीकडच्या खोलीत एकटा झोपतो. संध्याकाळी बर्फ पडायच्या आधी अक्का त्याच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून येते, रोजच्यासारखी. सकाळी म्हातारा मेलेला. खोलीचा झरोका आतून चिंध्यांनी बुजवलेला, शेगडीचा धूर कोंडून जीव गेला. अंगणातल्या बर्फावर एकही पाऊल नाही. इथं लिहिणारा थांबला, आणि तुम्ही पुस्तक मिटलंत.

तुम्ही म्हणालात, "शेगडी अक्कानं ठेवली हे सगळ्यांना माहीत आहे. झरोका बुजवायला तिला एक पळ पुरतो. पण ती नव्हे. मुलगी बापाला मारील का? मधल्यानं काहीतरी युक्ती केलीय. ती शोधायला हवी." दोरी, काठी, झरोक्याची उंची, तुम्ही बोटांनी हवेत मापं घ्यायला लागलात.

त्या आधी दोन दिवस मी एकदा विचारलं होतं, "अक्का म्हणजे कुणाची? मधल्याची थोरली बहीण ना?" तुम्ही पान मागं उलटून बघितलंत. "पुस्तकात नुसतं अक्का एवढंच आहे. नेसान. धाकटा तिला नेसान म्हणतो, गडी म्हणतात, शोध करणारा पोलीसही म्हणतो."

मी नवी नवरी असताना दारात केळीची पानं विकणारे एक गृहस्थ आले होते, आठवतं? त्यांनी सासूबाईंना 'अक्का' हाक मारली. सासूबाईंनी त्यांना 'या अण्णा' म्हटलं आणि घागर घेऊन विहिरीवर गेल्या. आमच्या निपाणीत अक्का म्हणजे सख्खी थोरली बहीण, परक्या बाईला मावशी म्हणायचं. मी समजले हे सासूबाईंचे भाऊ. डोक्यावर पदर घेऊन बाहेर आले, त्यांच्या पाया पडले, पाट मांडला, उप्पीट आणि कॉफी दिली. त्या बिचाऱ्यांनी खाल्लं. जाताना पानांचा अख्खा बिंडा माझ्या ओटीत घातला आणि डोळे पुसत गेले. सासूबाई विहिरीवरून येऊन बघतात तर काय! तुम्ही तो किस्सा येईल त्याला सांगितलात, आणि ते पानवाले शेवटपर्यंत मला 'तंगी' म्हणाले, धाकटी बहीण. त्या दिवसापासून कुणी कुणाला अक्का म्हटलं की मी त्यावरून नातं धरत नाही.

म्हणून या अक्काकडं मी नीट बघितलं, मामंजी. ती थोरल्याच्या तसबिरीपुढं रोज दिवा लावते, आणि लावताना दार ओढून घेते. बहीण दार कशाला ओढेल? म्हातारा मेलेला सापडला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं गड्याला सांगून तिची पेटी माळ्यावरून खाली काढवली होती. तुम्ही म्हणालात, मुलीचं लग्न ठरलं असेल. मुलीची पेटी लग्नासाठी काढतात हे खरं. पण पेटी दुसऱ्याही एका कारणासाठी काढतात. आणि तिसरं म्हणजे, सगळ्या पुस्तकभर ती म्हाताऱ्याशी बोलते, त्याला जेवण देते, शेगडी देते, पण 'बाबा' अशी हाक एकदाही मारत नाही. मी कान देऊन होते. हाक न मारता माणसाचं सगळं करायचं ही कुणाची रीत, ते मला ठाऊक आहे. मीही तुमचं नाव तर सोडाच, 'मामंजी' म्हणून समोर हाक कधी मारली नाही. या कागदाच्या डोक्यावरच पहिल्यांदा मारली.

'का कळून काय करायचंय' असं तुम्ही विचारत होतात. शेगडी, चिंध्या, बर्फ, सगळं तिथंच होतं, तुम्ही मोजतही होतात. ती घरात कोण म्हणून राहतेय एवढंच राहिलं होतं.

हे उत्तर त्या दुपारी माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मी तोंड मिटून घेतलं. तुम्हाला, माझ्या सासऱ्याला, ते सांगायचं कसं? कुठल्या सुनेनं असं तोंडावर बोलावं? रात्रभरात शब्द जुळवीन म्हटलं होतं. आता जुळवायचे नाहीत, सरळच सांगते. कदाचित उद्या तो जपानी वेगळंच वाचेल आणि सासूबाई मला हसतील. हसू देत. चुकलं तर चुकलं.

तसबीर तिच्या नवऱ्याची होती. घरातली मुलगी नव्हे ती, थोरल्याची बायको. मामंजी, खून सुनेनं केला. रागावू नका. तिला तुमच्यासारखा सासरा मिळाला नव्हता, एवढंच.